मुलांच्या हातचे सण

आषाढ सरत आला की घराघरांतील दिनदर्शिकेची पाने सणांनी गजबजू लागतात. नागपंचमीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सुमारे साडेतीन महिने म्हणजे मराठी घराचा खरा उत्सवकाळ. या काळातील कोणत्याही सणाच्या सकाळी शहरातील एखाद्या सुशिक्षित, सुस्थित घरात डोकावले तर बहुधा एकच चित्र दिसते. आई स्वयंपाकघरात घामाघूम झालेली असते, वडील दूरध्वनीवर मिठाईची मागणी नोंदवत असतात आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला आतल्या खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसविलेले असते. तो मधूनच बाहेर येतो, चौरंगावरच्या फुलांकडे हात नेतो आणि त्याच्या कानी त्या दिवशीचे पहिले वाक्य पडते: ‘हात लावू नकोस.’ दुपारी पुरणपोळीसाठी त्याला बोलावले जाते. तोवर सण होऊन गेलेला असतो.

नव्या पिढीला आपले सण ठाऊक नाहीत, ही तक्रार आता व्याख्यानांतून, बैठकांतून आणि लग्नाच्या पंगतीतूनही ऐकू येते. तक्रारीचा रोख बहुधा इंग्रजी शाळांकडे, डिसेंबरात तिथे उभ्या राहणाऱ्या नाताळाच्या झाडाकडे आणि जाहिरातींच्या माऱ्याकडे असतो. तिच्यात काहीच तथ्य नाही असे नाही. परंतु बालवाडीतील मूल त्या झाडाकडे का ओढले जाते, याचा विचार तक्रार करणारे सहसा करीत नाहीत. त्या झाडावर चांदण्या टांगण्याचे काम त्याला दिलेले असते. कात्रीने कापलेली वेडीवाकडी चांदणी त्याची स्वतःची असते आणि ती कुठे टांगायची हे तो ठरवितो. घरचा गणपती मात्र तयार मखरात बसतो. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तेव्हा त्या जागी पुठ्ठ्याचे आणि कापडाचे तयार मखर आले. मुलाच्या हाताला काम मिळाले नाही ते नाहीच. दोष शेजाऱ्याच्या सणाचा नाही. स्वतःच्या सणात स्वतःच्या मुलाला जागा न ठेवणाऱ्या घराचा तो आहे.

जुन्या वाड्यांतील आणि गावातील घरांत ही जागा आपोआप असे. ‘मुलांवर संस्कार करू या’ असे म्हणून तिथे कोणी बसत नसे. कामच एवढे असे की लहान हातांवाचून ते उरकत नसे. दूर्वांच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधणे, आजीने वळलेल्या वाती मोजून डब्यात ठेवणे, तांदूळ निवडणे, अंगण सारवून झाले की त्यावर पाऊल न टाकता दारात बसून राखण करणे ही सारी मुलांची खाती होती. मोजणी, झाडांची ओळख, थोरांशी बोलण्याची रीत हे सारे त्या कामांतूनच हाताला लागत असे. अर्थात त्या घरांचे सोने करून सांगण्याचे कारण नाही. त्याच घरांत हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा काकू माजघरात बसून राही, पंक्तिभेद पाळला जाई आणि सोवळ्याच्या नावाखाली मुलांना देवघराच्या उंबऱ्यावर अडविले जाई. ते गेले ते बरेच झाले. दुर्दैव एवढेच की, जाताना त्याच्याबरोबर मुलांची खातीही गेली.

आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आईवडिलांची अडचण म्हणूनच वेगळी आहे. त्यांना सण आठवतात, पण करता येत नाहीत. बालपणी आजीच्या घरी हरितालिकेची पत्री पाहिलेली असते. ती कोणती पाने होती हे सांगता येत नाही. बोंडल्याचा उत्साह आठवतो, पाटावर काय काढत होते ते धूसर झालेले असते. या पिढीजवळ निदान आठवण तरी आहे. तिच्या मुलांजवळ तीही नसेल. परंपरेचा दोर कोणा आक्रमकाने तोडावा लागत नाही. एका पिढीने फक्त पाहत राहावे, की तो आपोआप सुटतो.

आषाढ अमावास्येचेच उदाहरण घ्यावे. हा दीपपूजनाचा दिवस. घरातील समई, निरांजने, लामणदिवा, पणत्या, एवढेच नव्हे तर जुने कंदीलही बाहेर काढून घासूनपुसून पाटावर मांडायचे, रांगोळी काढायची, दिवे उजळायचे आणि कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खायचे. पावसाळी अंधाराच्या दिवसांत घरातल्या प्रत्येक दिव्याची झाडाझडती घेणारा हा सण शहाणपणाचा आहे यात शंका नाही. पण शहरातील मुलांच्या कानी आज या दिवसाचे कोणते नाव पडते? थोरांच्या भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या थिल्लर विनोदांतील ‘गटारी’. श्रावणाआधी एक दिवस खाऊन-पिऊन घ्यायचे, एवढाच त्या दिवसाचा अर्थ त्यांना मिळतो. आणि तो त्यांना कोणा परक्याने शिकविलेला नाही.

वस्तुतः लहान मुलासाठी याहून सोपा सण दुसरा नाही. चिंचेच्या कोळाने पितळ घासले की काळा पडलेला दिवा बघता बघता सोन्यासारखा होतो. तीन वर्षांच्या मुलाला याहून मोठा चमत्कार दाखविता येणार नाही, आणि तो त्याच्याच बोटांनी घडतो. कणकेचा दिवा त्याने वळला तर तो कलंडेल, चालेल. तेलवात करताना मोठ्यांनी जवळ बसावे, ज्योत लावण्याचे काम स्वतःकडे ठेवावे. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

श्रावणातील शुक्रवार तर मुलांचेच. भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांना घेऊन बसलेल्या जरा-जिवंतिका आणि खाली बुध-बृहस्पती अशी चित्रे असतात. आई देवीची पूजा करते आणि मग मुलांना पाटावर बसवून ओवाळते. ज्या संस्कृतीत वर्षातून चार-पाच शुक्रवार मूलच पाटावर बसते, तिथे मुलांना सणाची गोडी लागत नाही असे म्हणणे हा त्या सणांवर अन्याय आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. शेतकऱ्याने आपले बैल सजवावेत तसे मुलांनी आपले लाकडी बैल सजवून आणायचे आणि घरोघरी जाऊन बोजारा मागायचा. शेती पाहिलेलीही नसलेल्या नागपुरातील मुलाला बैलाचे उपकार कळावेत म्हणून एवढी सोय आधीच्या पिढ्यांनी करून ठेवली आहे. नागपंचमी, राखी, गोपाळकाला यांची मांडणी इथे करण्याची गरज नाही. ती बव्हंशी अजून टिकून आहेत.

गणपतीचे तसे म्हणता येत नाही. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक उत्सवाला चालना दिली ती समाज घराबाहेर येऊन एकत्र यावा म्हणून. आज सार्वजनिक उत्सव इतका मोठा झाला आहे की घरचा गणपतीही त्याचीच लहान प्रतिकृती होऊ पाहतो. रोषणाई, उंची आणि तयार प्रसाद या तिन्ही बाबतींत घर मांडवाशी स्पर्धा करते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या व्रताचे नाव मात्र ‘पार्थिव गणेशपूजन’ आहे, म्हणजे मातीच्या गणेशाचे पूजन. शास्त्राला अपेक्षित आहे ती माती. उंची नव्हे, रंग नव्हे. सहा वर्षांच्या मुलीने शाडूचा वा कुंडीतल्या चिकणमातीचा गणपती केला, त्याची सोंड जाड झाली आणि एक कान गळून पडला म्हणून तो दुरुस्त करून पुन्हा लावावा लागला, तरी त्याची पूजा करण्यास कोणतीही आडकाठी नाही. मोठ्या मूर्तीशेजारी ‘हा तुझा’ म्हणून तो ठेवू नये. एखाद्या वर्षी तोच चौरंगावर बसवावा. बादलीत विसर्जन करून त्याची माती पुन्हा कुंडीत गेली की मुलीच्या लक्षात जे येईल ते कोणत्याही प्रवचनाने येणार नाही.

पत्रीचे तर आणखी गमतीचे आहे. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. बाजारात मिळणाऱ्या जुडीत पुष्कळदा ओळखू न येणारी कसलीही पाने बांधलेली असतात आणि भटजी नावे उच्चारत असताना यजमान हाताला येईल ते पान वाहत असतो. या खोटेपणाला मुले साक्षी असतात. त्यापेक्षा चतुर्थीच्या आधीच्या रविवारी मुलाला घेऊन बाहेर पडावे आणि पाचच पाने शोधावीत: दूर्वा, आघाडा, माका, शमी, बोर. शहरातही पडक्या भिंतीच्या कडेला आघाडा सापडतो. त्याचा तुरा कपड्यांना चिकटतो म्हणून तो मुलांच्या विशेष ध्यानात राहतो. रुई आणि धोत्रा हीही पत्रीतलीच; पण ती विषारी आहेत, मोठ्यांनीच तोडावीत आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे. देवाला वाहिली जाणारी प्रत्येक वस्तू तोंडात घालण्यासारखी नसते, हेही ज्ञानच आहे. एकवीसपैकी पाच खरी पाने वाहिली तर पूजेत उणे राहील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी आजवर वाहिलेली सोळा कोणती होती याचा आधी विचार करावा.

नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतात. हे काम मुलाचे ठरवून टाकावे. रोज सकाळी पाणी शिंपडणे आणि अंकुर किती वाढले हे बोटाने मोजणे यात नऊ दिवस कसे जातात हे त्याला कळत नाही. भोंडल्याची गोष्ट निराळी. सूर्य हस्त नक्षत्रात जातो त्या सुमारास पाटावर हत्ती काढून मुलींनी फेर धरण्याचा हा खेळ गावोगावी हादगा, भोंडला, भुलाबाई अशा नावांनी आणि थोड्या वेगळ्या रीतींनी होतो. त्याची खरी जान खिरापतीत आहे. झाकलेला डबा कानाशी हलवून आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचे. कडक वाजले तर चिवडा की चणे, आणि काहीच वाजले नाही तर शिरा की साटोरी? घरात दोनच मुले असली तरी हा खेळ होऊ शकतो. सोसायटीतील दहा घरांनी एकेक दिवस वाटून घेतला तर उत्तमच. आता मुलगेही फेरात येतात, त्यात काही वावगे नाही. दसऱ्याला मात्र एक लहानसा तपास मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. बाजारात ‘सोने’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पानांत आपट्याच्या जागी कांचनाची पाने पुष्कळदा असतात. दोन्ही झाडे एकाच कुळातील, पाने सारखीच जोडपाने. पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि खरखरीत. आणि फांद्या ओरबाडून विकत घेण्यापेक्षा प्रत्येकाने एकच पान दिले तरी सोने ते सोनेच.

दिवाळीतील किल्ला ही महाराष्ट्राने आपल्या मुलांना दिलेली अपूर्व देणगी आहे. दगड, विटांचे तुकडे, त्यावर पोते, पोत्यावर चिखल, आणि उतारावर पेरलेले हळीव. वसुबारसेला गड हिरवा दिसायचा तर चार-पाच दिवस आधी पेरणी झालीच पाहिजे, हे गणित मुले चुकून-चुकून शिकत. एका वर्षी हळीव उगवलेच नाहीत याचे दुःख आणि दुसऱ्या वर्षी ते इतके वाढले की मावळे दिसेनासे झाले याची फजिती ज्याने अनुभवली त्याला किल्ला म्हणजे काय ते ठाऊक आहे. आता प्लास्टरचा, रंगविलेला, बुरुजांसह तयार किल्ला दुकानात मिळतो. तो आणून ठेवायचा आणि छायाचित्र काढायचे. मुलाने त्यात काय केले? पिशवी धरली.

२०२५ साली युनेस्कोने शिवकालीन लष्करी परंपरेतील बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी यांच्यासह अकरा महाराष्ट्रातील, बारावा तामिळनाडूतील जिंजी. या घटनेचा सार्थ अभिमान सर्वत्र व्यक्त झाला. परंतु ज्या मुलाने चिखलात राजगड केला आहे, त्यालाच बालेकिल्ल्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना का पसरल्या आहेत हा प्रश्न पडतो. कारण तिसरी माची बसवायला त्याला जागा पुरलेली नसते. सदनिकेत अंगण नाही ही सबब खरी आहे, पण पुरेशी नाही. गच्चीच्या कोपऱ्यात, वाहनतळाच्या कडेला, फार तर गॅलरीत जुन्या परातीतही गड उभा राहतो. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी चिखल होतो म्हणून मुलांना हुसकू नये, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

दिवाळीविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. पुष्कळ मुलांच्या मनात सणाची पहिली आठवण ‘त्या दिवशी आई चिडलेली असते’ अशी आहे. नोकरी करून घरी आलेल्या स्त्रीने रात्री अकरापर्यंत चकल्या तळाव्यात, पहाटे चारला उठून उटणे भिजवावे, पाहुण्यांचे करावे आणि वर हसतमुख राहावे, ही अपेक्षा ठेवून मातृशक्तीचे गोडवे गाणे हा ढोंगीपणा आहे. सणाचे ओझे एकटीवर टाकणाऱ्या घरात मुलगी एवढेच शिकते की मोठेपणी हे टाळायचे, आणि मुलगा शिकतो की हे बायकांचे काम आहे. पाच फराळाचे जिन्नस विकत आणून एकच करंजी घरी करावी. पण ती वडिलांनी लाटावी, मुलाने सारण भरावे, मुलीने कातण फिरवावे. सारण बाहेर आले तर आले. नरकचतुर्दशीला वडिलांनी मुलाला तेल लावावे, कारीट अंगठ्याखाली चिरडायला द्यावे. चाळीस वर्षांनी त्याला आठवेल तो त्या तेलाचा वास आणि कारिटाचा ‘फट्’ असा आवाज.

वर्षभरातील सारे सण पाळलेच पाहिजेत असा हट्टही नको. संघाने आपल्या शाखांसाठी वर्षप्रतिपदा, हिंदू साम्राज्य दिन, गुरुपूजन, रक्षाबंधन, विजयादशमी आणि मकर संक्रमण असे सहाच उत्सव निवडले, आणि त्यांत स्वयंसेवकाने नुसते ऐकून न जाता राखी बांधावी, तिळगूळ द्यावा अशी काही ना काही कृतीही ठेवली. घरानेही आपल्या शक्तीनुसार पाच-सहा सण निवडून ते नीट करावेत. उरलेल्या दिवशी देवापुढे गूळखोबरे ठेवले तरी देव रागावत नाही.

संक्रांतीला लहानग्याचे बोरनहाण होते, काळ्या कपड्यांवर हलव्याचे दागिने घालून मूल मिरवते. हे लोभस आहेच. त्यापुढचा प्रश्न तिळगूळ कोणाला द्यायचा हा आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या वर्षांत दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटण्यासाठी ते तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बरोबर घेऊन घरोघरी जात. दाराशी आलेल्या तिळगुळाला नाही म्हणणे कठीण असते, आणि सणाच्या या शक्तीचा उपयोग त्यांनी समाजाच्या भिंती पाडण्यासाठी केला. आजच्या मुलाच्या हाती तिळगुळाची डबी देऊन त्याला केवळ नातलगांकडे न धाडता जिन्यावर झाडू मारणाऱ्या मावशींना, पहारेकऱ्याला, कचऱ्याच्या गाडीवरील काकांना तो द्यायला सांगावे, आणि थोरांना करतो तसा त्यांनाही वाकून नमस्कार करायला सांगावे. मुले हे सहज करतात. अवघडतात ते मागे उभे असलेले आईवडील.

सणांबरोबर तिथीही मुलांना मिळावी. ‘दिवाळी दर वर्षी वेगळ्या तारखेला का येते आणि संक्रांत जवळजवळ त्याच तारखेला का?’ हा प्रश्न सहा-सात वर्षांचे चौकस मूल विचारतेच. ‘ते पंचांगात असते’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी पडणारे अकरा दिवसांचे अंतर साचत गेले की सुमारे पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हिशेब मिटवतात. २०२३ साली असा अधिक श्रावण आला होता. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते म्हणून ती जागा सोडत नाही. एवढे समजण्यापूर्वी मुलाला खिडकीतून चंद्र दाखवावा. अमावास्येनंतरची कोर पश्चिमेला संध्याकाळी दिसते, पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला वर येतो, आणि संकष्टीला जेवणासाठी थांबलेली आजी चंद्र उशिरा का उगवतो म्हणून चुळबुळते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून तिथी भिंतीवर आणून टांगली. त्यातील पौर्णिमा आणि अमावास्या मुलाला पेन्सिलने रंगवू द्याव्यात.

हे सारे घरात होऊ शकते, याचा पडताळा फार लांबचा नाही. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. पुष्कळ घरांत गाठी आल्या नाहीत, हार मिळाले नाहीत, शोभायात्रा नव्हत्या. तरी गुढ्या उभ्या राहिल्या. कोणी पडद्याची काठी वापरली, कोणी आईचा जुना शालू बाहेर काढला, कडुनिंबाची डहाळी आवारातल्या झाडाची आली. त्या दिवशी घरात दुसरे काही करण्याजोगे नसल्यामुळे गुढीला गाठ मारायला मुलांचे हात चालले, आणि बाप पूर्ण वेळ घरी होता. टाळेबंदी उठली तशी बहुतेक घरांनी ही रीत सोडून दिली, हे मात्र खेदाने नोंदवावे लागते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची कसरत याहून अवघड असते. तिथे मंडळाचा गणपती सोयीच्या शनिवारी बसतो, दिवाळी सभागृह मिळेल त्या दिवशी होते. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार इथल्यांना फारसा नाही, कारण तिथली मुले निदान सभागृह सजवायला जातात.

उरला तो वेळेचा प्रश्न, आणि तो खरोखरच निकडीचा आहे. ज्यांनी हे सारे केले आहे त्या आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. अनारसे आठ दिवस आधी कसे भिजवायचे, गौरीच्या मुखवट्याखाली धान्य का भरायचे, भाजणीत धणे किती, हे त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही. त्यांना विचारले तर त्या ‘चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या डाळ’ असे सांगतात. पण वाटी कोणती? ती त्यांच्या मांडणीवरची, काठाला पोचा आलेली पितळी वाटी असते आणि तिच्यात किती मावते हे कोणी मोजलेले नसते. येत्या सुटीत नातवंडांना आजीकडे पाठवावे, वही-पेन्सिल बरोबर द्यावी, आणि त्या वाटीत तांदूळ भरून ते घरच्या वजनकाट्यावर तोलून लिहून घ्यायचे काम त्यांच्यावरच सोपवावे.